रेंडरमधली कातडी मेणासारखी का दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हौसेखातर सायन्स फिक्शनची पात्रं करता, सध्या एक निळ्या कातडीची अंतराळयात्री हातात आहे, रेंडरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं काढलेल्या अंतिम चित्रात, तिची कातडी एकतर मेणाची दिसते नाहीतर प्लास्टिकची. पैसे देऊन तयार स्किन मटेरियल घ्यावं का, आणि आधी लायटिंग करावं की शेडर, म्हणजे कातडीवर उजेड कसा वागेल ते ठरवणारं मटेरियल?

पैसे तूर्त खिशातच राहू द्या. मी एकदा घालवलेत. विकत घेतलेलं मटेरियल लावूनही माझी बाई मेणाचीच राहिली, कारण दोष मटेरियलमध्ये नव्हताच, तो माझ्या फाइलमध्ये होता. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दिवा आधी. दिवा ठरवा, त्याला कुलूप लावा, मग कातडीला हात घाला. दोन्ही एकदम हलवत बसलात तर कशानं काय बदललं हे शेवटपर्यंत कळत नाही. मी तीन वर्षं तसंच केलं.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात आमची तिसरी पिढी. दिवसा एका कन्सल्टन्सीत पाइपिंगची ड्रॉइंगं करतो, म्हणजे दिवसभर मिलिमीटर. रात्री जेवणं आटोपली की सहा जीबीच्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर अंतराळातली माणसं. घरी याला ‘भुतं काढणं’ म्हणतात.

तर दिवसभर मिलिमीटर मोजणाऱ्या माणसानं जी चूक करायला नको, नेमकी तीच मी केली. आकृती दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणली होती. तिकडे माप सेंटिमीटरमध्ये, ब्लेंडरनं ते मीटर समजून घेतलं. माझी वैमानिक 168 मीटर उंच झाली. कॅमेराही तेवढाच लांब नेला की डोळ्याला काही कळत नाही. प्रकाशाला मात्र कळतं. खऱ्या कातडीत तांबडा प्रकाश काही मिलिमीटर आत पसरतो आणि बाहेर येतो. 168 मीटरच्या बाईला ते काही मिलिमीटर म्हणजे नसल्यासारखेच, ती प्लास्टिकची दिसणारच. मला कारण ठाऊक नव्हतं, म्हणून मी सबसरफेसचा स्केल, म्हणजे कातडीखाली प्रकाश किती लांब पसरतो तो आकडा, वाढवत नेला, शंभरपट केला, आणि ती एकदाची बरी दिसायला लागली. पुढे तिच्यासाठी कॉकपिटची खुर्ची केली, ती नेमकी बरोबर मापात. खुर्ची बाईच्या पायाच्या नखाएवढी! मग आकृती खऱ्या उंचीवर आणली आणि तो शंभरपटीचा आकडा तसाच विसरलो. दुसऱ्या दिवशी रेंडर उघडलं तर समोर मेणबत्ती. वात तेवढी लावायची बाकी.

त्यामुळे पहिल्यांदा एन दाबून आकृतीची उंची बघा. 1.6, 1.7 मीटर असली पाहिजे, आणि आकृतीचा स्वतःचा स्केल (लहान-मोठं केल्याचं प्रमाण) अप्लाय केलेला हवा. त्यानंतर ब्लेंडरचा नेहमीचा प्रिन्सिपल्ड शेडर उघडा. ब्लेंडर 4.0 पासून त्यात सबसरफेसचा स्केल मुळातच 0.05 येतो. मीटरमध्ये वाचा: पाच सेंटिमीटर. वेट, म्हणजे या परिणामाचं प्रमाण, 1 केलं की तांबडा प्रकाश नाकाच्या शेंड्यातून शिरून गालातून निघणार. तुमची मेणाची तक्रार बहुधा इथेच मिटेल.

मग आकडा किती ठेवायचा? जेन्सन, मार्शनर, लेव्हॉय आणि हॅनरहन यांनी 2001 साली या विषयावरचा जो पेपर लिहिला, त्यातल्या मोजमापावरून कातडीसाठी तांबड्याला सुमारे 3.67, हिरव्याला 1.37 आणि निळ्याला 0.68 मिलिमीटर असे पसरण्याचे आकडे निघतात. (त्यातल्या तिघांना पुढे 2004 साली ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आपण जो स्लायडर येताजाता ओढतो, त्यामागे एवढं सगळं आहे.) ब्लेंडरच्या भाषेत सांगायचं तर स्केल 0.0037, रेडियसमध्ये (तांबडा, हिरवा, निळा या क्रमानं) 1, 0.37, 0.19, आणि पद्धत रँडम वॉक, स्किनवाली. मी तिथून सुरुवात करतो आणि साधारण अर्ध्यावर येऊन थांबतो. तुमच्या डोळ्याला कुठे पटतं ते तुम्ही बघा, पण मिलिमीटरच्या घरातून बाहेर पडू नका.

डोळ्याला पटायचं तर आधी डोळ्यानं नीट पाहिलेलं असावं लागतं, आणि मी कित्येक वर्षं पाहिलेलंच नव्हतं. आमच्या घरी संध्याकाळी आई निरांजन लावते आणि देवघरापर्यंत नेताना वाऱ्याला हाताचा आडोसा करते. एकदा मी रेंडर अर्धवट सोडून उठलो होतो आणि ती समोरून आली. दोन बोटं जिथे जुळतात ती फट शेंदरी-लाल पेटलेली. बोटाचा मधला भाग काळसर. नखाच्या कडेला एक पातळ उजळ रेघ. आणि हाड? हाडाची सावली कुठेच नाही, कारण प्रकाश आत शिरल्यावर इतका भरकटतो की बाहेर पडताना वाटेत काय लागलं याचा पत्ताच उरत नाही. मी आईला म्हटलं, थांब, हात तसाच धर. ती म्हणाली, “तेल सांडेल, तुझं काय ते लवकर बघ.” त्या अर्ध्या मिनिटात मला जे समजलं ते आधीच्या चाळीस ट्युटोरियलांत समजलं नव्हतं. जाड भाग पेटत नाही, कडा पेटते. म्हणून चेहऱ्याआधी कानाचं आणि हाताचं रेंडर करून बघा. कान मागून दिवा आल्यावर खोटा वाटला तर चेहऱ्यावर तासन्‌तास घालवू नका.

बडोद्यात राहण्याचा एक फायदा सांगतो. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंग म्युझियम आहे, तिथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. सयाजीरावांच्या काळात त्यानं बडोद्यासाठी बरंच काम केलं. आणि आमच्या आजोबांच्या खोलीत होती त्याच्याच छापखान्याच्या धर्तीवरची लक्ष्मीची तसबीर, कागदावर छापलेली. रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढल्यावर अशा तसबिरी घरोघर गेल्या. आता दोन्ही चेहरे मनात शेजारी ठेवा. छापील लक्ष्मी गोड आहे, पण तिचा गाल म्हणजे गुलाबी शाई. तैलचित्रात रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक असतात. उजेड वरच्या थरांतून आत जातो, खालच्या थरावर आपटून रंग घेऊन परत येतो. त्या गालाला खोली आहे. आपण टेक्सचरमध्ये, म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या चित्रात, लाली रंगवतो तेव्हा छापील तसबीर करत असतो. लाली खालून यायला हवी. राजवाड्यात फेलिची नावाच्या इटालियन शिल्पकाराची ब्राँझमधली आणि संगमरवरातली कामं आहेत, तीही या नजरेनं बघण्यासारखी. ब्राँझमध्ये सगळा खेळ वरच्या चकाकीचा, संगमरवरात उजेड आत मुरतो. आपलं मानवी पात्र या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं, वरून थोडं तेलकट आणि आतून मुरलेलं.

आता वरचं तेल. कातडीचा आयओआर (अपवर्तनांक) 1.4 धरला की समोरून पडलेल्या उजेडापैकी तीन टक्क्यांहूनही कमी वरच्यावर परत येतो. हा आकडा गोऱ्या-सावळ्या सगळ्यांना सारखाच. फरक पडतो तो आतून येणाऱ्या उजेडात. सावळ्या कातडीत मेलानिन जास्त, ते आत गेलेला उजेड पिऊन टाकतं, त्यामुळे तेवढीच चकाकी सावळ्या गालावर जास्त उठून दिसते. हे ठाऊक नसलं की माणूस सावळं पात्र करताना स्पेक्युलर, म्हणजे वरची चकाकी, वाढवतो आणि पात्र बूटपॉलिश केल्यासारखं दिसतं. स्पेक्युलरला हात लावू नका, बेस कलर (कातडीचा मूळ रंग) गडद करा, एवढंच. तळहात, ओठांची आतली बाजू आणि नखं फिकट ठेवायला विसरू नका. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच पात्रांत तळहात चेहऱ्याच्याच रंगाचे असतात आणि ते लगेच हातमोजे वाटतात. रफनेस (खरखरीतपणा, कमी म्हणजे जास्त चकाकी) सगळीकडे एक नको: कपाळ, नाक, हनुवटी तेलकट, म्हणजे 0.35 च्या आसपास, गाल आणि मान 0.5 च्या पुढे.

याचा अभ्यास फुकटात करायचा असेल तर नवरात्रात गरब्याला जा. आमच्याकडे मैदानाच्या कडेला उंच खांबांवर फ्लडलाइट असतात आणि हजारो माणसं गोलात फिरत असतात. एका जागी उभं राहून एकच चेहरा धरा. तो समोरच्या दिव्यात येतो तेव्हा सपाट पापडासारखा, बाजूनं आला की नाकाची सावली गालावर, पाठीमागून आला की कान आणि मानेवरची लव उजळलेली, आणि घामानं कपाळ चकाकतंय. अर्ध्या मिनिटात सगळी लायटिंगं तुमच्यासमोरून जातात. मी हे करायचो तेव्हा बायको म्हणायची, लोक काय म्हणतील, असं टक लावून बघू नकोस. तिचंही बरोबर होतं. हल्ली मी भाचीकडे बघतो, तिला आधी सांगून.

तुमच्या निळ्या बाईकडे येतो. माझीही होती एक. बेस कलर निळा केला, बाकी सगळं माणसाच्या कातडीचं तसंच ठेवलं. आई चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, “हिला थंडी वाजतेय का रे? काकडलेली दिसतेय.” तिचं निदान अचूक होतं. उजेड-सावलीची सीमारेषा जांभळट होती, कान मागून लाल होता. म्हणजे माणसाचंच लाल रक्त, वरून निळा रंग फासलेला. थंडीनं गारठलेलं माणूसच ते.

प्रश्न विचारायचा तो असा: हिच्या कातडीखाली काय आहे? आपली कातडी उबदार दिसते, कारण हिमोग्लोबिन हिरवा-निळा उजेड गिळतं आणि तांबडा जाऊ देतं. ऑक्टोपसच्या रक्तात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं हिमोसायनिन असतं. त्यात ऑक्सिजन असला की ते निळं, ऑक्सिजन नसला की जवळपास रंगहीन. तुमच्या बाईला हे रक्त दिलंत तर रेडियसचे आकडे उलटे करावे लागतील: तांबड्याला 0.25, हिरव्याला 0.45, निळ्याला 1. मग कान मागून निळसर पेटेल, सावलीची कडा थंड होईल. आणि गोष्टीसाठीही हाताला काहीतरी लागतं. ती धावून आली की तिचे गाल अजून निळे होतील, श्वास कोंडला की पांढरीफटक पडेल. ओठ, डोळ्यांच्या कडा, नखांखालचा भाग, सगळीकडे एकच रक्त असल्याचं दिसू द्या. मी डोळ्यांचे कोपरे लाल ठेवून एक रेंडर पूर्ण केलं होतं, नंतर तेवढंच खुपत राहिलं. बेस कलरमध्ये निळाही फार भडक घेऊ नका. 0.12, 0.25, 0.45 पुरे. भडक निळा खेळण्याचा असतो.

मग दिवा कुठला? इथे सायन्स फिक्शनवाले आपण सगळेच आळशी. एका बाजूनं मोरपिशी, दुसऱ्या बाजूनं नारिंगी, झालं अंतराळ. मोरपिशी दिव्याचा रंग 0, 1, 1 असा शुद्ध दिलात तर त्यात तांबडा औषधालाही नाही, आणि माणसाची कातडी मुख्यतः तांबडाच परत देते. चेहरा राखेसारखा मेलेला दिसतो. तांबडा 0.15 तरी ठेवा. तुमच्या निळ्या बाईच्या बाबतीत उलट होईल, नारिंगी दिव्यात ती मातकट पडेल. त्यासाठी तिच्या ग्रहाचा दिवा कोणता हे ठरवावं लागतं.

समजा, ती एखाद्या तांबड्या खुज्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरची आहे. ट्रॅपिस्ट-1 घ्या, सुमारे 40 प्रकाशवर्षांवर, ज्याभोवती सात ग्रह असल्याचं 2017 मध्ये जाहीर झालं. ‘तांबडा तारा’ म्हटलं की लोक सीन डार्करूमसारखा लाल करतात. त्या ताऱ्याचं तापमान साधारण 2,566 केल्व्हिन. आपल्या लहानपणीचा साठ वॅटचा पिवळा बल्ब 2,700 च्या आसपास असायचा. म्हणजे तिच्या ग्रहावरची भरदुपार ही आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या बल्बपेक्षा किंचितच जास्त पिवळी! तापमानावरून दिव्याचा रंग काढणाऱ्या ब्लॅकबॉडी नोडमध्ये 2566 टाका आणि बघा, लाल नाही, सोनेरी निघतो. त्यातही तिथे जन्मलेल्या डोळ्याला तो पांढराच वाटणार, म्हणून व्हाइट बॅलन्स थोडा तिकडे ओढा. किती ओढायचा ही तुमची दृष्टी: पृथ्वीवरून गेलेल्या माणसाच्या नजरेनं चित्र असेल तर कमी, तिच्याच लोकांच्या नजरेनं असेल तर जास्त.

आणखी एक, जे कुणी करत नाही. त्या सातांपैकी ‘ई’ ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ आहे की तारा लहान असूनही आकाशात आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल. आपला सूर्य अर्धा अंश, तो दोन अंशांच्या थोडा वर. ब्लेंडरच्या सन लॅम्पमध्ये अँगल असतो, तिथे 2.1 टाका. नाकाच्या सावलीची कडा मऊ होते, आणि बघणाऱ्याला कारण न कळता काहीतरी परकं वाटतं. शिवाय असे ग्रह बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे धरून फिरतात, म्हणजे दिवस-रात्रीच्या सीमेवरच्या गावात सूर्य क्षितिजापाशी कायमचा लटकलेला. आयुष्यभर सांज. फोटोग्राफर ज्या उजेडासाठी अर्धा तास धावपळ करतो, तो तिथे चोवीस तास. चोवीस तास हा शब्दही तिथे चुकीचाच म्हणा.

चंद्रावरचा सीन करायचा झाला तर मला उत्तरायण आठवतं. 14 जानेवारीला आख्खं बडोदं धाब्यावर, म्हणजे गच्चीवर असतं. धाब्यांना उन्हासाठी पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. ऊन वरून येतं आणि फरशीवरून उसळून खालून चेहऱ्यावर येतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांत, भुवयांखाली सावली म्हणून उरतच नाही. पतंगाकडे मान वर करून बघणारे सगळे उजळलेले. चंद्रावर वरचं काळं आकाश काहीच मदत करत नाही, भर घालते ती फक्त जमीन, आणि चंद्राची जमीन दिसते तेवढी पांढरी नाही. ती सुमारे बारा टक्केच उजेड परत देते, डांबरी रस्त्याच्या जवळपासची. म्हणून वर्ल्डचा (आसपासच्या आकाशाचा) रंग पूर्ण काळा, जमिनीचा बेस कलर 0.12, एक सन लॅम्प, बस. एचडीआरआय (सीनला उजेड देणारा आजूबाजूच्या जागेचा फोटो) काढून टाका. लोक काळ्या आकाशाखाली स्टुडिओचा एचडीआरआय ठेवतात आणि हेल्मेटच्या काचेत खिडक्या दिसतात. मी ठेवला होता. तीन फ्रेंच खिडक्या, चंद्रावर.

व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे रंग पडद्यावर कसे दाखवायचे ती सेटिंग) स्टँडर्डवर असेल तर एजीएक्सवर न्या, नाहीतर कपाळावरचा उजेड पिवळा होऊन फाटतो. 4.0 पासून नव्या फाइलला तोच असतो, पण जुनी फाइल उघडलीत तर जुनाच राहतो.

आता प्लास्टिकचं उरलेलं कारण: डिनॉइझर, म्हणजे रेंडरमधले दाणे पुसणारा. कमी सॅम्पलमध्ये (दर ठिपक्याला उजेडाची मोजणी कमी वेळा करून) रेंडर करून डिनॉइझ केलं की तो रंध्रांनाही गोंगाट समजून पुसून टाकतो. तुम्ही तासभर बसून बंप (रंध्रांचे खाचखळगे) लावता आणि तो इस्त्री फिरवतो. त्याला अल्बेडो (नुसता रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) दोन्ही पास द्या, बंप मॅपचा कलर स्पेस नॉन-कलर आहे ना ते बघा, आणि चेहऱ्याला सॅम्पल जास्त द्या. जुन्या कार्डावर पूर्ण चित्र परवडत नाही हे मला सांगू नका, माझंही तेच आहे. चाचणी करताना चित्र पंचवीस टक्क्यांवर आणू नका, त्यात रंध्रं मुळात दिसतच नाहीत आणि रफनेसचा अंदाज चुकतो. पूर्ण आकारातच कंट्रोल-बी दाबून एक चौकोन काढा: अर्धी नाकपुडी, थोडा गाल, ओठाचा कोपरा. तेवढंच रेंडर करा. माझ्या मशीनवर चार-पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो.

आज रात्री मात्र एवढंच करा: आकृतीची उंची बघा, स्केल 0.0037 करा, बाकी सगळे दिवे बंद करून एकच दिवा तिच्या कानामागे ठेवा. कान कुठल्या रंगाचा पेटला ते इथे कॉमेंटमध्ये सांगा, मग रक्ताचं बघू.